मिरीशिवाय जेवणारा माणूस

दिनांक २५ फेब्रुवारी १९८६, मंगळवार. वेळ सकाळी अकरा. जागा: पावणे, कारखान्याच्या पहिल्या मजल्यावरची मीटिंगची खोली. उपस्थित: रसिकभाई (मालक), श्री. देवधर (विक्री विभाग), श्री. दत्ताराम कोचरेकर (प्रयोगशाळा प्रमुख) आणि नोंदी घेण्यासाठी मी. गैरहजर कोणी नाही.

त्या दिवसाच्या इतिवृत्तातलं शेवटचं वाक्य असं आहे: "श्री. कोचरेकर यांनी सही करण्यास नकार दिला. पुरावा दिला नाही." हस्ताक्षर माझं आहे आणि वाक्य खरं आहे. पण ते अपुरं आहे, आणि अपुरी नोंद मला दातात अडकलेल्या सुपारीच्या खांडासारखी छळते. पुरावा काय होता ते मला त्या दिवशीही माहीत होतं. तो ज्यांच्याबद्दल होता त्यांनी आता मला सांगायची परवानगी दिली आहे. म्हणून तीन वर्षांनी ही नोंद पुरी करायला बसले आहे. पण ती पुरी करायची तर आधी कोचरेकर कोण होते ते सांगावं लागेल.

आमचा कारखाना छोटा. अडुळसा, आवळा, हळद अशा वनस्पतींचे अर्क काढायचे, त्याच्या गोळ्या पाडायच्या, पट्ट्यांत भरायच्या. मी नमुन्यांची आणि कागदपत्रांची व्यवस्था बघत असे. कोचरेकर १९७७ साली आले तेव्हा पंचेचाळिशीचे असतील. उंच, किंचित पोक काढून चालणारे, पांढरा बुशकोट, खिशात दोन पेनं आणि एक छोटा चमचा. तो चमचा कशाला, असं मी पहिल्याच आठवड्यात विचारलं. ते म्हणाले, "लोक 'चिमूटभर' म्हणतात, शिर्केबाई. प्रत्येकाची चिमूट वेगळी असते."

माझ्या मनात तिथेच त्यांच्या नावापुढे बरोबरची खूण पडली.

बोनकोडे गावात एका आगरी घराच्या पाठच्या खोलीत ते भाड्याने राहत. बायको आणि म्हातारी आई वेंगुर्ल्याकडे गावी. वर्षातून एकदा मे महिन्यात जायचे, दहा दिवसांनी परत यायचे. मुलंबाळं नव्हती. कारखान्यात त्यांना मित्र असा कोणी नव्हता, आणि शत्रूही नव्हता. जेवणाच्या सुट्टीत सगळे कॅन्टीनमध्ये गप्पा मारत बसत, तेव्हा हे टेबलाच्या टोकाला बसून प्रत्येकाच्या ताटाकडे बघत. पहिल्यांदा लोकांना वाटलं, माणूस हावरा आहे. पुढे कळलं की यांना ताटातलं काही नको असतं. ताटातलं पोटात गेल्यावर त्याचं काय होतं एवढंच हवं असतं.

त्यांना एकच गोष्ट छळत होती. आमची हळदीची गोळी. खोकला, सांधे, सूज, सगळ्यांवर चालते म्हणून रसिकभाई ती विकत. कोचरेकरांचं म्हणणं, गोळी चांगली आहे, फक्त ती घेणाऱ्याच्या अंगात जात नाही.

"अंगात जात नाही म्हणजे? गिळतात ना लोक?" देवधरांनी एकदा विचारलं.

"गिळतात. पण घशाखाली उतरलं ते अजून बाहेरच आहे, देवधर. तोंडापासून खालपर्यंत एक लांब बोळ आहे. बोळातून चाललेला माणूस तुमच्या घरात आला, असं तुम्ही म्हणता का? दार वाजवलं पाहिजे, कोणी उघडलं पाहिजे. हळद बिचारी बोळातून सरळ निघून जाते. जी थोडी आत शिरते तिला यकृत लगेच बाहेर काढतं."

"मग लोकांना बरं वाटतं ते?"

"तुम्ही डबीवर लिहिता म्हणून."

देवधर हसले, पण त्यांनी ते लक्षात ठेवलं.

त्यावर कोचरेकरांचा उपाय नवा नव्हता. "आपल्या आज्या हळद तुपात परततात, दुधात उकळतात, वर मिरी घालतात. त्या काय वेड्या होत्या?" असं ते म्हणत. तुपाने हळद विरघळते आणि मिरी यकृताला थोडा वेळ गप्प बसवते, तेवढ्यात हळद आत सरकते, असा त्यांचा अंदाज. पण आजीने घातली म्हणून गोळीत घालायची, हे त्यांना मान्य नव्हतं. मोजून दाखवायचं होतं. हळद आणि मिरी घेणाऱ्याच्या रक्तात हळद किती उतरते, नुसती हळद घेणाऱ्याच्या किती, एवढं एकदा स्वच्छ दिसलं की झालं. रसिकभाईंनी हो म्हणायला तीन वर्षं घेतली.

पहिल्या प्रयोगाला कारखान्यातलेच बाराजण घेतले. यादी माझी. सहाजणांना नुसत्या हळदीची पुडी, सहाजणांना मिरीसह, दुपारच्या जेवणाबरोबर. मग ठरलेल्या तासांनी ठाण्याहून आलेले डॉक्टर रक्त काढणार. कॅन्टीन चालवायच्या बोनकोड्याच्या हिराबाई. कोचरेकरांनी आधी दोन दिवस त्यांना बजावून ठेवलं होतं: प्रयोगाच्या दिवसांत जेवणात मिरी अजिबात नको. रोज सकाळी ते स्वतः स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून विचारत.

"हिराबाई, आज मिरी?"

"नाय सायेब. मिरीची बरनी वर फलीवं ठेवलीय. हातुस नाय लावला."

ते वहीत खूण करत. पंधरा दिवस रोज खूण.

आकडे आले. बाराच्या बाराजणांचे जवळपास सारखे. मिरी घेतलेल्यांत आणि न घेतलेल्यांत काही फरक नाही. देवधर म्हणाले, "चला, आजी हरली." कोचरेकरांनी वही मिटली. पुढचे सात-आठ महिने हा माणूस कारखान्यात असून नसल्यासारखा होता. अडुळशाचे नमुने तपासायचा, सही करायचा, घरी जायचा. कॅन्टीनमध्ये टेबलाच्या टोकाला बसायचा, पण आता कोणाच्या ताटाकडे बघत नसे.

एप्रिलमध्ये एका सोमवारी ते कामावर आले ते डोळे सुजलेले, नाक लाल. मला वाटलं रडले की काय. ते सरळ कॅन्टीनमध्ये गेले. मीही मागोमाग गेले, कारण त्यांनी मला हाक मारली होती. "शिर्केबाई, वही घेऊन या."

"हिराबाई," ते म्हणाले, "काल तुमच्या आळीत मसाला कुटत होते."

"व्हय. वरसाचा मसाला. तुमाला ठसका लागला व्हता नं? आमी हासलो किती!" हिराबाईंना पुन्हा हसू आलं.

"सुपात मिरी होती."

"मंग? मिरीबिगर मसाला कंदी व्हतं काय?"

"तो मसाला तुम्ही कॅन्टीनच्या कालवणात घालता?"

"रोज घालताव."

"मी तुम्हाला रोज विचारत होतो, मिरी घातली का?"

हिराबाईंनी पळी खाली ठेवली. "सायेब, तुमी मिरीचा ईचारला. मसाल्याचा कुटं ईचारला? मिरी नाय घातली मी. मसाला घातला."

मला वाटलं आता हा माणूस भडकणार. त्यांनी खुर्ची ओढली, बसले, आणि म्हणाले, "लिहा, शिर्केबाई. चूक प्रश्नाची. उत्तराची नाही."

बाराच्या बाराजणांनी पंधरा दिवस मिरी खाल्ली होती. नुसत्या हळदीचा गट असा नव्हताच. प्रयोग पुन्हा करायचा तर पैसे नव्हते, आणि रसिकभाईंचा उत्साह मावळला होता. पण कोचरेकरांना एक माणूस असा हवा होता ज्याच्या अंगात मिरीचा कणही नाही, म्हणजे पुढे केव्हाही तुलनेला तो हाताशी राहील. तसा माणूस कुठून आणणार? त्या दिवसापासून ते स्वतःच तो माणूस झाले.

ऐकायला हे सोपं वाटतं. करून बघावं. दुसऱ्याच्या हातचं काहीही खायचं नाही. मसाल्यात मिरी, पापडात मिरी, रसमात मिरी, गणपतीच्या पंचखाद्यातसुद्धा कोणी वेलचीबरोबर टाकली असेल तर कोण सांगणार? कारखान्यात कोणाचं बारसं, कोणाचं लग्न, ईदचा शीरखुर्मा, सत्यनारायणाचा प्रसाद, सगळीकडे कोचरेकर हात जोडून "माझं चालू आहे" एवढंच म्हणत. काय चालू आहे ते नव्या लोकांना कळत नसे. कोणी म्हणे उपास, कोणी म्हणे पोटाचा आजार, एकाने मला हळूच विचारलं, "जात बघतात का ते?" मी त्याला झापलं. पण त्यालाही काय म्हणावं? जो कोणाकडेच खात नाही त्याच्याकडे लोक चहालाही येईनासे होतात. त्यांच्या डब्यात रोज तेच: भात, दूध, मीठ, उकडलेली भाजी. आणि एक वही, ज्यात पोटात गेलेली प्रत्येक गोष्ट वेळेसह.

मी एकदा त्यांच्यासाठी घावन करून आणले. तांदूळ, मीठ, पाणी, खोबरं. मिरी नाही, मसाला नाही, हे मी शपथेवर सांगितलं.

"तवा कोणता?" त्यांनी विचारलं.

"घरचा."

"त्यावर काल काय केलं होतंत?"

काल मी त्यावर बोंबील भाजले होते. मसाला लावून. घावन मी माझ्या टेबलावर परत नेले आणि देवधरांना दिले. राग आला होता, खोटं कशाला सांगू. पण मीही यादी करणारी बाई, त्यामुळे तव्याचा प्रश्न मला सुचला नाही याचाच राग जास्त होता.

पुढे कोपरखैरण्याला सिडकोची घरं झाली आणि त्यांनी एक घेतलं. घर झालं म्हणून बायकोला आणलं. सुमतीवहिनी. ठेंगणी, हसरी, बोलकी बाई. येताना गावाहून सुकी मासळी, कोकमं, आणि पाच किलोचा मालवणी मसाला घेऊन आल्या. मी भेटायला गेले तेव्हा मसाल्याची बरणी बाल्कनीत होती, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, वर वीट. वहिनी दोन वेगळ्या चुलींवर दोन स्वयंपाक करत होत्या, दोन वेगळ्या डावांनी. भांडी वेगळी, पोळपाट वेगळा, फडकी वेगळी. कोचरेकर आतल्या खोलीत आपलं ताट घेऊन बसले होते.

"लग्नाक वीस वर्षां झाली," वहिनी मला म्हणाल्या. हसत म्हणाल्या, पण हातातला डाव खाली ठेवला नाही. "ह्यांका माझ्या हातचा तिरफळाचा बांगडो लय आवडायचो. आता मी करतंय, मीच खातंय. ह्ये आतसून वास घेतत. वास घेतल्यान रक्तात जायत काय, म्हणान मी इचारलंय. तर ह्यांनी त्येचो पण विचार केलो, दोन दिवस!"

दोन महिन्यांनी त्या परत गेल्या. स्टँडवर मी पोचवायला होते. "राहा ना, वहिनी," मी म्हटलं.

"नको गे बाय. थंय म्हस तरी मी घातलेला मुकाट खाता."

कोचरेकर सामान वर चढवत होते. त्यांनी ते ऐकलं. सुटलेल्या गाडीमागे ते कोपऱ्यापर्यंत चालत गेले. मग म्हणाले, "एक वर्ष. फार तर दीड. ही प्रयोगांची मालिका झाली की मी स्वतः आणायला जाईन."

मालिकेला आणखी दोन वर्षं लागली. एका दुसऱ्या कंपनीची हळदीची गोळी बाजारात आली, आणि रसिकभाईंना अचानक मिरी आठवली. १९८५ च्या पावसाळ्यानंतर दुसरा प्रयोग ठरला. या वेळी मसाल्याचा धोका नको म्हणून प्रयोगाच्या पंधरा दिवसांत सगळ्यांचं तिन्ही वेळचं जेवण प्रयोगशाळेतच. मुगाची खिचडी, तूप, मीठ. कोचरेकर स्वतः शिजवायचे. लोकांनी बोंब मारली. "साहेब, आमी आजारी हाय काय?" "बायको विचारते, ऑफिसात दुसरी केली काय?" पण रसिकभाईंनी वर दोन दिवसांची पगारी रजा कबूल केली होती. बाराजण झाले. सातवी मी. बारावे कोचरेकर स्वतः, कारण तुलनेसाठी पूर्ण कोरं असं त्यांचंच अंग होतं.

सुरुवातीला प्रत्येकाची माहिती घ्यायची होती: वय, वजन, आजार, इतर औषधं. काम माझं. मी ते माझ्या पद्धतीने केलं. बाकीच्यांना कॅन्टीनच्या बाकांवर ओळीने बसवलं आणि यादी हातात घेऊन एकेक नाव पुकारलं. "दुसरं काही औषध चालू आहे? हो की नाही?" नाही. नाही. नाही. वीस मिनिटांत यादी पुरी. मला माझ्या झपाट्याचा अभिमान वाटला होता, हेही इथे नोंदवते.

मिरीच्या गटात उस्मानभाई होते. रायगड किनाऱ्याकडचे, पट्ट्या भरायच्या यंत्रावर. तिशीचे, शांत, यंत्रावर हात बसलेला. नवव्या दिवशी त्यांच्या पट्ट्यांत रिकामे कप्पे निघाले. दहाव्या दिवशी ते जिन्यावर भिंत धरून चढले. सुपरवायझर सगळ्यांसमोर ओरडला, "सकाळी सकाळी लावून आलास काय रे?" उस्मानभाई पाच वेळा नमाज पढणारे. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो.

कोचरेकर पुढे झाले. त्यांनी उस्मानभाईंचा दंड धरला आणि खिडकीपाशी नेलं. बोट डोळ्यांसमोर डावीउजवीकडे फिरवलं. मग प्रयोगशाळेत नेऊन दार लावलं. मला आत बोलावलं, पण वही बाहेर ठेवायला सांगितली.

"उस्मानभाई, तुम्ही कसली गोळी घेता?"

"कसली पन नाय, साहेब."

"मी सुपरवायझर नाही. मी तुमच्या पोटात मिरी घातली आहे. मला माहीत असायला हवं."

उस्मानभाई माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "फिटची. लहानपणापासून हाय. गोळी घेतली की काय होत नाय, साहेब. सहा वर्सांत एकदा पन नाय झाली. पन शेठला कळला तर मशीनवर ठेवतील का? घरात पाच मानसं हायत."

"शिर्केबाईंनी विचारलं होतं तेव्हा..."

"तेव्हा समदे बसले होते."

वीस मिनिटांत पुरी केलेली ती यादी मला आठवली.

कोचरेकरांनी त्यांची पुडी तिथल्या तिथे बंद केली, आणि फिटची गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका, असं दोनदा बजावलं. त्याच दुपारी रजा टाकून त्यांना घेऊन डॉक्टरांकडे गेले. काही दिवसांत उस्मानभाई सरळ चालायला लागले. सगळ्यांना सांगितलं, ताप होता.

त्या संध्याकाळी कोचरेकर मला म्हणाले, "मिरीने दार उघडलं, बाई. मी समजत होतो की हळदीसाठी उघडलं. दार उघडं असलं की बोळातला प्रत्येकजण आत येतो. त्यांची फिटची गोळी रोजच्यापेक्षा जास्त आत गेली."

"म्हणजे आपला प्रयोग..."

"यशस्वी झाला," ते म्हणाले.

झालाच होता. आकडे मी इथे लिहीत नाही, ते कंपनीचे आहेत. पण या वेळी दोन गट कोणालाही वेगळे ओळखू यावेत असे होते. आठ वर्षांचं काम. देवधरांनी डबीचा नमुनाही छापून घेतला: हळद, तूप, मिरी, पिवळ्यावर काळी अक्षरं. प्रयोगशाळा प्रमुखांची सही झाली की गोळी पाडव्याआधी बाजारात.

आणि म्हणून ती २५ फेब्रुवारी.

"मला दोन गोष्टी हव्यात," कोचरेकर म्हणाले. "दुसरी औषधं चालू असलेल्या लोकांवर डॉक्टरांच्या देखरेखीखाली आधी तपासणी. आणि डबीवर एक ओळ: इतर औषध चालू असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये."

"डबीवर भीती छापायची?" देवधर म्हणाले. "मग शेजारची दुसऱ्या कंपनीची गोळी काय, हसत हसत विकली जाणार."

रसिकभाई वाईट माणूस नव्हते. ते समजावणीच्या सुरात म्हणाले, "कोचरेकर, मिरी तर माझी बा, आई माझी, ती पण रोज खाते. ऐंशीची झाली. त्यात काय मोठं?"

"जेवणातली मिरी कधी असते, कधी नसते. ही रोज, मोजून, औषधासारखी जाणार. फरक आहे."

"कोणाला काय झालं? आपल्या बाराजणांत कोणाला?"

कोचरेकरांनी समोरचा कागद उलटा ठेवला.

"झालं असेल तर नाव सांगा. मी दहा वेळा थांबेन. नाव सांगा."

मी कागदाकडे बघत होते. उस्मानभाईंचं नाव माझ्याही ओठांवर होतं. खाली यंत्राचा खटखट आवाज येत होता, तो त्यांच्याच हातचा.

"नाव देणार नाही," कोचरेकर म्हणाले.

"मग पुरावा नाही."

"मग सहीही नाही." त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि पेन खिशात ठेवलं.

मार्चअखेर त्यांनी राजीनामा दिला. निरोपसमारंभाला सामोसे होते. त्यांनी हात जोडले. सही दुसऱ्या कोणाची तरी झाली आणि गोळी आली. ओळ छापली नाही.

एप्रिलमध्ये एका दुपारी ते माझ्या वाशीच्या घरी आले. पहिल्यांदाच. पाणीसुद्धा स्वतःच्या बाटलीतलं प्यायले. म्हणाले, "उस्मानभाई एकटेच असतील तर कोणीही योगायोग म्हणेल. बाराजणांत आणखी किती जणांनी 'नाही' म्हटलं आणि प्रत्यक्षात औषध चालू होतं, ते कळलं तर मी नावं न देता सरकारकडे लिहू शकतो. किती लोक खरं सांगत नाहीत आणि का, हे तर दिसेल. तुम्ही विचारा. एकेकट्याला, घरी जाऊन. तुमच्याकडे यादी आहे."

मी अडीच वर्षं ते काम केलं. रविवारी, सणाच्या निमित्ताने, कधी बाजारात पिशवी घेऊन सोबत चालता चालता. लोक बोलायला वेळ घेतात. चहा होतो, मुलांची शाळा होते, सासू आत जाते, मग हळूच गोष्ट बाहेर येते. पॅकिंगच्या एका बाईने सांगितलं, पाळणा लांबवायची गोळी चालू होती; नवऱ्याला माहीत नव्हतं, बाकावर शेजारी त्याचा भाऊ बसलेला. दुसऱ्या एकाला रक्तदाबाची होती. म्हातारा म्हणतील म्हणून बोलला नाही. सातव्या क्रमांकाला मी स्वतःला विचारलं आणि प्रामाणिकपणे 'नाही' लिहिलं. उस्मानभाईंना शेवटी परत विचारलं. तोवर त्यांनी कारखाना सोडून गावी स्वतःचं किराणा दुकान टाकलं होतं. "आता लिवा, मॅडम," ते म्हणाले. "नाव पन लिवा. साहेबांनी माझ्यासाठी नोकरी सोडली. मी नाव पन नाय देऊ?"

अकराजण झाले. तिघांचं 'नाही' खोटं निघालं.

१९८८ च्या डिसेंबरात कोपरखैरण्याच्या स्टॉपवर मला कोचरेकर दिसले. ओळखायला क्षणभर लागला. बुशकोट अंगावर टांगल्यासारखा, हातात भाजीची पिशवी, आणि हात थरथरत होता. खिशात आता पेनं नव्हती. गोळ्यांची एक पट्टी होती, अर्धी वापरलेली, छोट्या पांढऱ्या गोळ्यांची. कसली ते वाचता आलं नाही.

"यादी झाली का?" त्यांनी भेटताक्षणी विचारलं.

"एक राहिलंय."

"कोण?"

स्टॉपवर दहा-पंधरा माणसं होती. त्यांच्या बिल्डिंगमधले दोघे अगदी खेटून उभे, त्यांना नमस्कार करत होते.

"रविवारी घरी येते, तेव्हा बोलू," मी म्हटलं.

"या. दुपारी या, मी घरीच असतो." मग पिशवी दुसऱ्या हातात घेत, "कोणी येत नाही म्हणून वही पण वेळेवर लिहून होते."

"वहिनींना आणायला गेला नाहीत?"

"मालिका कुठे पुरी झालीय अजून?" ते म्हणाले. त्यांची बस आली. चढताना त्यांना पायरीचा अंदाज आला नाही. कंडक्टरने हात दिला. बस सुटल्यावर मागच्या काचेतून ते दिसले, दोन माणसांच्या सीटवर एकटे, पिशवी मांडीवर धरून.

रविवारी घराला कुलूप होतं. शेजारच्या बाईंनी सांगितलं, परवा बरं नव्हतं, गावाहून कोणी तरी येऊन घेऊन गेलं. कोण, ते त्यांना माहीत नव्हतं. काय होत होतं, तेही नाही. "कोणाशी जास्त बोलायचे नाहीत हो ते," बाई म्हणाल्या.

मी गावी पत्र टाकलं. खुशाली विचारली, उत्तर आलं नाही. तुमचं स्वतःचं काही औषध चालू होतं का, ही एक गोष्ट पत्रात विचारायची नाही. गावी पत्र आधी कोण फोडेल सांगता येत नाही. त्यांच्या उत्तराने मालिका टिकेल की कोसळेल, कारण साऱ्या तुलनेचा कोरा माणूस तेच होते. आणि अकरा वर्षांत त्यांना स्वतःला काय होतंय, हे आमच्यापैकी कोणी एकदाही विचारलेलं नाही, मीसुद्धा नाही.

माहिती घेतली त्या दिवशी यादीतलं शेवटचं नाव मी पुकारलंच नव्हतं. कोचरेकर माझ्या शेजारी उभे होते. मी त्यांच्या रकान्यात न विचारता 'नाही' लिहून टाकलं होतं. ते खोडलं आहे. पुढे काही लिहिलेलं नाही. वेंगुर्ल्याची गाडी संध्याकाळी सुटते. रजा मिळाली नाही, मग मुलीची परीक्षा, मग पाऊस. जायचं राहिलं आहे.